लंडनचें तिकीट

नव्या शहरांत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याचा पहिला व्यवहार यजमानाशीं होत नाहीं, तिकिटाच्या खिडकीशीं होतो. मुक्काम कोठें, जेवण किती वाजतां, पाहण्यासारखीं स्थळें कोणतीं, हें सारें त्यानें घरून निघण्यापूर्वींच ठरवून ठेविलेलें असतें; परंतु स्टेशनांत उतरतांच जो प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो त्याची तयारी बहुधा कोणींच केलेली नसते. एका खेपेचें तिकीट घ्यावें, कीं दिवसाचा पास काढावा, कीं आठवड्याचा? बसनें जावें कीं भुयारी गाडीनें? मागें रांग वाढत असते, खिडकीपलीकडचा मनुष्य घाईंत असतो, आणि पाहुणा संकोचानें जें पहिलें नांव कानावर पडेल तें तिकीट घेऊन मोकळा होतो. आपल्या खिशांतून किती अधिक गेलें हें त्यास घरीं परत येईपर्यंत कळत नाहीं. पुष्कळदां कधींच कळत नाहीं.

लंडनइतका हा प्रश्न दुसऱ्या क्वचितच शहरीं गुंतागुंतीचा झाला असेल. हीथ्रोच्या विमानतळावर उतरलेल्या मनुष्यास शहरांत नेणाऱ्या तीन प्रकारच्या आगगाड्या आहेत. १९७७ सालीं विमानतळापर्यंत पोंचलेली पिकॅडिली नांवाची भुयारी गाडी २०२४ सालीं ५ पौंड ६० पेन्स घेत असे. एलिझाबेथ रेल्वेनें, जिचा शहराखालचा मार्ग २०२२ सालीं खुला झाला, जावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक द्यावे लागत. आणि १९९८ पासून धांवणारी हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेऊन सोडते खरी, परंतु ऐनवेळीं तिकीट काढणाराकडून ती २५ पौंड घेई. विमानतळ एक, शहर एक, आणि भाडीं तीन. पाहुण्यास वाटतें, हा घोळ कोणा कारकुनानें मुद्दाम घातला असावा. तसें नाहीं. लंडनच्या भाड्यांचा तक्ता म्हणजे जुन्या वाड्याची भिंत आहे. प्रत्येक पिढीनें तिच्यावर आपापला गिलावा चढविला आणि खालचा थर खरवडून काढण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. ते थर एकेक करून पाहिले म्हणजे ध्यानांत येतें कीं, दोनशें वर्षें या शहरांत एकच वाद निरनिराळ्या रूपांनीं चालत आला आहे. भाड्याचा हिशेब कोणीं करावा, आणि तो चुकल्यास भुर्दंड कोणीं सोसावा, हा तो वाद.

पहिला थर १८२९ सालचा. त्या वर्षीच्या जुलैच्या ४ तारखेस जॉर्ज शिलिबियर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें पॅडिंग्टनपासून शहराच्या पेढ्यांच्या वस्तीपर्यंत, म्हणजे ‘बँक’ या नाक्यापर्यंत, तीन घोड्यांची एक लांबट गाडी सुरू केली. ही कल्पना त्यानें पॅरिसमध्यें पाहिली होती. गाडीचें नांव ‘ऑम्निबस’. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठीं’ असा आहे, आणि आज आपण ज्यास ‘बस’ म्हणतों तें या शब्दाचें केवळ शेंपूट होय. परंतु सर्वांसाठीं असलेल्या या गाडीचें भाडें एक शिलिंग होतें. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, असें तेव्हांचें कोष्टक. मजुराच्या दिवसाच्या मिळकतींतील मोठा वांटा त्या एका खेपेंत संपला असता. तेव्हां नांव सर्वांचें आणि गाडी थोड्यांची, असाच हा प्रकार होता. शिलिबियरला धंद्यांत खोट आली, दिवाळें निघालें, आणि पुढें तो प्रेतयात्रेच्या गाड्या चालवूं लागला. तें वाहन मात्र खरोखरीच सर्वांसाठीं असतें.

गरिबाच्या प्रवासाची दखल प्रथम कायद्यानें घेतली ती १८४४ सालीं. प्रत्येक रेल्वे कंपनीनें दिवसांतून निदान एक गाडी अशी सोडावी कीं, जींत मैलास एका पेनीहून अधिक भाडें नसेल, डब्यास छप्पर असेल आणि जी प्रत्येक स्टेशनावर थांबेल, असा हा कायदा होता. त्यानंतर एकोणीस वर्षांनीं, १८६३ च्या जानेवारीच्या १० तारखेस, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट ही जगांतील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांस खुली झाली. मुंबई-ठाणें गाडी सुरू होऊन तेव्हां दहा वर्षेंहि व्हावयाचीं होतीं. लंडनच्या जमिनीखालून वाफेचें इंजिन धूर ओकत धांवे, डब्यांत गॅसचे दिवे जळत, आणि तरीहि पहिल्या दिवशीं सुमारें ३८ हजार लोक त्या भुयारांत उतरले. वर्ग तीन, भाडीं तीन: सहा, चार आणि तीन पेन्स.

याच सुमारास भाड्याच्या प्रश्नांत न्याय-अन्यायाचा धागा शिरला. शहराच्या मध्यापर्यंत लोहमार्ग आणावयाचे तर घरें पाडावीं लागत, आणि जीं घरें पाडलीं जात तीं अर्थातच श्रीमंतांचीं नसत. जमीन स्वस्त तेथून रूळ जाणार, आणि जमीन स्वस्त तेथेंच मजूर राहणार. घर गेलेल्या मजुरानें शहराबाहेर राहावें, तर रोज कामावर यावयाचें कसें? म्हणून १८६४ सालीं पार्लमेंटनें ग्रेट ईस्टर्न रेल्वेस लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत मार्ग आणण्याची परवानगी देतांना अट घातली कीं, एडमंटन व वॉल्थमस्टो या भागांतून कामगारांसाठीं खेपेस एका पेनीच्या दरानें गाड्या सोडाव्या. त्याच वर्षीं भुयारी रेल्वेनेंहि जाऊन-येऊन तीन पेन्सांचें कामगार-तिकीट काढलें. १८८३ च्या कायद्यानें तर स्वस्त भाड्यावरचा सरकारी कर उठविला आणि त्याच्या मोबदल्यांत अशा गाड्या सोडणें हें सर्वच कंपन्यांचें कर्तव्य ठरविलें. ईशान्य लंडनमधील कामगारांचीं सारीं उपनगरें या एका पेनीवर उभीं राहिलीं, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु सवलत आली ती अट घेऊन आली. हें तिकीट पहांटेच्याच गाड्यांस चाले. भुयारी रेल्वेच्या कामगार-गाड्या साडेपांच आणि पांच-चाळीस अशा वेळीं सुटत. ज्याचें काम आठ वाजतां सुरू होई त्यानेंहि पहांटेसच निघावें, शहरांत येऊन पोंचावें, आणि कारखान्याचें दार उघडेपर्यंत थंडीपावसांत रस्त्यावर ताटकळावें. शिवणकाम करणाऱ्या मुलींचीहि हीच गत. पेनी वांचे, झोंप जाई. पुढील गोष्ट समजण्यासाठीं हें पहांटेचें तिकीट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण वेळ पाहून भाडें ठरविण्याची रीत येथें प्रथम रुजली, आणि शंभर वर्षांनीं तिचा अर्थ नेमका उलटा झाला.

तिकीट नांवाचा कागद तरी कोणाच्या सोयीसाठीं निर्माण झाला? मुंबईंत १८७४ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, तेव्हां कुलाबा ते पायधुणी या अंतरास तीन आणे पडत आणि तिकीट म्हणून कांहीं देतच नसत. पुढें भाडें दोन आण्यांवर आलें, आणि फुकट्या प्रवाशांस आळा घालण्यासाठीं तिकिटें निघालीं. लंडनमध्यें कंपनीचा संशय प्रवाशावर नसून नोकरावर होता. तेथील कंडक्टर दिवसाचा गल्ला अंदाजानें कंपनीच्या हवालीं करी, कांहीं भाग आपल्या खिशांत ठेवी; कंपनीस तें ठाऊक असे, म्हणून ती त्याचा रोज कमी ठेवी. हा न लिहिलेला करार वर्षानुवर्षें सुखेनैव चालला होता. १८९१ सालीं लंडन जनरल ऑम्निबस कंपनीनें छापील तिकिटें आणलीं आणि जून महिन्यांत बसगाड्यांचा मोठा संप झाला. संपकऱ्यांनीं बारा तासांचा दिवस मिळविला. तिकिटें राहिलीं तीं राहिलींच. भाड्याच्या प्रत्येक रकमेस निराळ्या रंगाचें तिकीट आणि भोंक पाडतांच घंटा वाजविणारा पंच, ही लंडनच्या कंडक्टरची ओळख पुढें कित्येक दशकें टिकली. मुंबईच्या बसमधील पत्र्याची पेटी आणि पंचाची टिकटिक ज्यांनीं ऐकली आहे त्यांस या कुळाची वेगळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

परक्या मनुष्याच्या दृष्टीनें पाहिलें तर लंडनच्या इतिहासांत सुखाचा काळ एकच, आणि तोहि थोडका. १८९० सालीं सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन या विजेच्या भुयारी रेल्वेनें वर्ग काढून टाकले, तिकीटहि काढून टाकलें. फिरत्या फाटकापाशीं दोन पेन्स द्यावे आणि आंत जावें. कोठें उतरणार हें कोणी विचारीत नसे. १९०० च्या जुलैच्या ३० तारखेस शेपर्ड्स बुश ते बँक ही सेंट्रल लंडन रेल्वे लोकांसाठीं खुली झाली. तिनेंहि सरसकट दोन पेन्सच ठेविले, आणि लोकांनीं तिला ‘टुपेनी ट्यूब’ असें लाडकें नांव दिलें. त्या काळीं रुपयाचा सरकारी भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स होता. रुपयाचे आणेहि सोळाच. तेव्हां एक पेनी म्हणजे अचूक एक आणा, आणि लंडनची ही गाडी म्हणजे आपली दोन आण्यांची गाडी. तेथें गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यास निदान हा एक हिशेब तोंडीं करतां येत असे.

सरसकट भाड्यांत गोडी आहे, तशी एक गोम आहे. एका स्टेशनापुरता जाणारा मनुष्य टोकापर्यंत जाणाराचा खर्च सोसतो. जवळच्या प्रवाशास हें लवकर उमगतें आणि तो बसकडे वळतो. लांबचा प्रवासी मात्र आनंदानें राहतो, आणि त्याच्यावर कंपनीस पुरेसें मिळत नाहीं. सेंट्रल लंडनचेंहि असेंच झालें. १९०७ सालीं लांबच्या अंतरास तीन पेन्स ठरले आणि दोन आण्यांची मौज सात वर्षांत संपली. त्यापुढें दीर्घकाळ अंतराप्रमाणें भाडें हाच नियम राहिला. १९३३ सालीं भुयारी गाड्या, बसगाड्या आणि ट्रॅम एका सार्वजनिक मंडळाच्या हातीं आल्या. त्याच वर्षीं हॅरी बेक या आरेखकाचा तो सुप्रसिद्ध नकाशाहि छापून निघाला. नकाशानें अंतर विसरावयास लावलें, सर्व स्टेशनें सारख्या अंतरावर असल्यासारखीं दिसूं लागलीं; तिकिटाच्या खिडकीनें मात्र अंतर विसरूं दिलें नाहीं. १९७१ च्या फेब्रुवारींत दशमान चलन आलें आणि शिलिंग हिशेबांतून गेला. हा सारा मधला काळ भाडेवाढीचा आहे. त्यांत सांगण्याजोगें फारसें नाहीं.

खरें नाट्य घडलें तें १९८१ सालीं. लंडनची वाहतूक तेव्हां ग्रेटर लंडन कौन्सिल या लोकनियुक्त संस्थेच्या अखत्यारांत होती. मे महिन्याच्या निवडणुकींत मजूर पक्षाचा जय झाला आणि केन लिव्हिंग्स्टन हे कौन्सिलचे पुढारी झाले. भाडीं उतरविण्याचें वचन पक्षाच्या जाहीरनाम्यांतच होतें. तें ऑक्टोबरांत पाळलें गेलें; भाडीं सरासरीनें ३२ टक्के खालीं आलीं. योजनेचें नांव ‘फेअर्स फेअर’. ‘भाडें’ आणि ‘न्याय्य’ या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दांचा उच्चार एकच असल्यानें साधलेला हा श्लेष होता. तूट भरून काढण्यासाठीं घरपट्टीसारख्या स्थानिक करांत वाढ करण्यांत आली. लोक गाड्यांकडे वळूं लागले आणि कौन्सिलला वाटलें कीं, डाव जिंकला.

परंतु लंडनच्या दक्षिण टोकास ब्रॉम्ले नांवाचें उपनगर आहे. तेथें भुयारी रेल्वेचें एकहि स्टेशन नव्हतें. आमच्या दारांत जी गाडी येत नाहीं तिचें भाडें आम्ही काय म्हणून भरावें, असा प्रश्न घेऊन ब्रॉम्लेची स्थानिक संस्था न्यायालयांत गेली. खालच्या न्यायालयानें कौन्सिलचा पक्ष उचलून धरला. अपिलाच्या न्यायालयानें तो फेटाळला. आणि डिसेंबरच्या १७ तारखेस लॉर्डांच्या सभेच्या पांचहि न्यायाधीशांनीं एकमतानें ही योजना बेकायदा ठरविली. वाहतूक काटकसरीनें चालविण्याचें बंधन १९६९ च्या कायद्यानें घातलेलें आहे, आणि कर भरणारांच्या पैशाचे विश्वस्त या नात्यानें कौन्सिलनें प्रवाशांचें हित करदात्यांच्या हितावर असें लादावयास नको होतें, हा त्या निर्णयाचा आशय. १९८२ च्या मार्चमध्यें भाडीं जवळजवळ दुप्पट झालीं.

या निर्णयावर बाजू घेणें सोपें आहे, आणि लंडनकरांनीं ती हिरिरीनें घेतलीहि. ब्रॉम्लेचें म्हणणें मुळींच पोकळ नव्हतें. परंतु तें पूर्णहि नव्हतें. गाडी दाराशीं येत नसली तरी ब्रॉम्लेचा दुकानदार, कारकून, शिक्षक ज्या शहरावर जगतो तें शहर गाड्यांवरच चालतें. रस्ता, दिवा, आग विझविणारा बंब यांचा खर्च कोणी वापरणाराकडून मोजून घेत नाहीं. मग गाडी त्यांच्या पंक्तीस बसते कीं दुकानांतील मालाच्या? न्यायालयापुढें प्रश्न कायद्याचा होता, म्हणून त्याचें उत्तरहि कायद्यापुरतें मिळालें. मूळ प्रश्न तसाच राहिला आणि आजहि प्रत्येक भाडेवाढीच्या वेळीं तो पुन्हां डोकें वर काढतो.

पराभवांतून मात्र एक चांगली गोष्ट निघाली. कौन्सिलनें हिशेबाची नीट मांडणी करून नवी योजना बनविली, या खेपेस आधींच न्यायालयाकडून ती कायदेशीर असल्याचा निर्वाळा घेतला, आणि १९८३ च्या मे महिन्यांत भाडीं सुमारें एक चतुर्थांश उतरविलीं. त्याबरोबरच शहराचे पांच झोन पाडले. तलावांत खडा टाकला असतां एकाबाहेर एक वर्तुळें उठतात तसे हे झोन, मधला पहिला. आणि ‘ट्रॅव्हलकार्ड’ नांवाचा एक पास निघाला, जो बस व भुयारी गाडी या दोहोंस चाले. ठरलेल्या झोनांत कितीहि वेळां चढा-उतरा. या पासाचें मर्म स्वस्ताईंत तितकेंसें नाहीं. पुढच्या प्रत्येक खेपेस वेगळा विचार करण्याचें ओझें त्यानें उतरविलें, यांत आहे. भुयारी रेल्वेच्या वार्षिक प्रवासांची संख्या १९८२ सालीं सुमारें ५० कोटींपर्यंत उतरली होती. १९८० चें दशक संपण्यापूर्वींच ती ८० कोटींवर गेली. शहराची भरभराट हेंहि त्याचें एक कारण होतें, परंतु पासाचा वांटा त्यांत थोडा नव्हता. कौन्सिल स्वतः मात्र हें पाहावयास उरलें नाहीं. १९८६ च्या मार्च-अखेर सरकारनें तें मोडून टाकलें. झोन राहिले, आणि १९९१ सालीं त्यांत सहाव्याची भर पडली.

तरी एक निवड प्रवाशाच्या गळ्यांत उरलीच होती. आज आपण किती वेळां फिरणार, हें त्यास सकाळींच ठाऊक असावयास हवें. दोनच खेपा झाल्या तर पास महाग पडे. पांच झाल्या तर सुटीं तिकिटें महाग पडत. शहरांतील माणसास संवयीनें हें उमगे. पाहुण्यास कसें उमगावें? २००३ सालीं आलेल्या ‘ऑयस्टर’ कार्डानें यावर उत्तराची वाट मोकळी केली. ऑयस्टर म्हणजे कालव, मोतीं पोटांत जपणारें. कार्डांत पैसे भरून ठेवावे, आंत जातांना व बाहेर पडतांना तें पिवळ्या यंत्रावर टेकवावें. २००५ सालीं त्यास दिवसाच्या कमाल मर्यादेची जोड मिळाली. यंत्र प्रत्येक खेपेचे पैसे कापीत जातें. पासाच्या मोलाइतकी ठराविक रक्कम झाली कीं, त्या दिवसापुरतें कापणें बंद होतें. बसमध्यें रोख पैसे घेणें २०१४ च्या जुलैंत थांबलें, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून बँकेचें साधें कार्डहि भुयारी गाडीस चालूं लागलें. २०१६ पासून बसच्या एका भाड्यांत तासाभराच्या आंत दुसरी बस, आणि २०१८ पासून कितीहि बसगाड्या बदलतां येऊं लागल्या.

श्रोत्यांनीं हा हिशेब मनाशीं करून पाहावा. २०२४ सालीं पहिल्या झोनांतील भुयारी गाडीची एक खेप गर्दीच्या वेळीं २ पौंड ८० पेन्सांना पडे, आणि पहिल्या दोन झोनांची दिवसाची मर्यादा ८ पौंड ५० पेन्स होती. तीन खेपांचे झाले ८ पौंड ४० पेन्स. चौथी खेप पडली दहा पेन्सांना, आणि पांचवीपासून पुढें फुकट. बसचें भाडें १ पौंड ७५ पेन्स, दिवसाची मर्यादा ५ पौंड २५ पेन्स. म्हणजे तीन भाडीं भरलीं कीं दिवस आपला. आतां याच झोनांतील एका खेपेचें कागदी तिकीट रोखीनें घेणाराची स्थिति पाहावी. त्यास त्या वर्षीं ६ पौंड ७० पेन्स पडत, कार्डवाल्याच्या दुपटीहून अधिक. गाडी तीच, बांक तोच.

म्हणजे हिशेब करण्याचें काम यंत्रानें आपल्या शिरावर घेतलें, हें खरें. परंतु भुर्दंड अजूनहि अजाण मनुष्यासच बसतो, आणि तो बहुधा पाहुणाच असतो. त्याच्या चुकाहि ठरलेल्या आहेत. नवरा-बायको एकाच कार्डावर फिरूं पाहतात. तें चालत नाहीं, माणशीं एक कार्ड लागतें. सकाळीं कार्ड टेकवितात आणि सायंकाळीं तेंच कार्ड भरलेला दूरध्वनी टेकवितात. यंत्र त्यांस दोन निराळे प्रवासी समजतें, आणि मर्यादा दोघांचीहि गांठली जात नाहीं. भुयारी गाडींतून बाहेर पडतांना कार्ड टेकविण्याचें विसरतात, मग मोठ्यांत मोठें भाडें कापलें जातें. बसमध्यें मात्र फक्त चढतांनाच टेकवावयाचें असतें. आठवड्याची कमाल मर्यादा सोमवार ते रविवार अशी मोजली जाते; गुरुवारीं उतरून पुढच्या बुधवारपर्यंत राहणाराचा आठवडा त्यामुळें दोन तुकड्यांत मोडतो, आणि त्यानें रोज पुष्कळ फिरावयाचें ठरविलें असेल तर ऑयस्टर कार्डावर सात दिवसांचा पास भरून घेणें बरें पडतें. मुलाबाळांचें कुटुंब असेल तर गोष्ट सुखाची: अकरा वर्षांखालील मुलें वडील माणसाबरोबर फुकट जातात, आणि अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांस ऑयस्टर कार्डावर चौदा दिवसांपर्यंत अर्धें भाडें करून मिळतें, त्यासाठीं स्टेशनावरील नोकरास विचारावें लागतें इतकेंच. साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांस मात्र तेथील वृद्धांची सवलत लागू नाहीं; ती लंडनच्या रहिवाशांसाठीं आहे.

कागद अजून मेलेला नाहीं. २०२३ च्या जुलैंत लंडनच्या महापौरांनीं दिवसाचें कागदी ट्रॅव्हलकार्ड बंद करण्याचें जाहीर केलें. ओरड झाली ती लंडनमध्यें फारशी नव्हे, बाहेरगांवीं. कारण आसपासच्या परगण्यांतून एका दिवसासाठीं येणारीं कुटुंबें आगगाडीच्या तिकिटासहच तो पास घेत. ऑक्टोबरांत रेल्वे कंपन्यांशीं तडजोड झाली आणि कागद वांचला. शहराच्या निर्णयावर शहराबाहेरच्या माणसाचा असा परिणाम झाल्याचें उदाहरण विरळाच सांपडेल.

आणि पहांटेच्या त्या तिकिटाचें काय झालें? कामगार-तिकीट कधींच गेलें. वेळेप्रमाणें भाडें मात्र राहिलें, आणि त्याचें तोंड फिरलें. आतां कामाच्या दिवशीं सकाळीं साडेसहा ते साडेनऊ आणि सायंकाळीं चार ते सात ही गर्दीची वेळ, आणि त्या वेळेचें भाडें चढें. पूर्वीं पहांटे उठणाऱ्या मजुरास सवलत होती. आतां न्याहारी करून, साडेनऊनंतर रमतगमत निघणाऱ्यास ती आहे. साफसफाई करणाऱ्या ज्या बाया काम उरकून किंवा कामावर म्हणून सातच्या गाडींत बसतात त्या चढें भाडें भरतात, आणि म्यूझियम पाहावयास निघालेला पाहुणा उतरतें भाडें भरतो. दूरच्या झोनांतून येणारास हा फरक अधिक जाणवतो. हीथ्रोहून पहिल्या झोनांत येणाऱ्या भुयारी गाडीस ही सवलत २०२२ सालीं काढून घेण्यांत आली, म्हणून विमान दुपारीं उतरलें काय आणि सकाळीं उतरलें काय, त्या एका खेपेंत अंतर पडत नाहीं.

महाराष्ट्रांतून जाणाऱ्या पाहुण्याच्या यादींत लंडनचीं निदान दोन स्थळें अशीं असतात कीं, जीं इतरांच्या यादींत नसतात. एक, किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचें घर. १९२१-२२ सालीं विद्यार्थी असतांना डॉ. आंबेडकर तेथें राहत, आणि २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें तें विकत घेतलें. त्याचें जवळचें स्टेशन चॉक फार्म, दुसऱ्या झोनांत. दुसरें, १९३२ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र मंडळ, डॉलिस हिल येथें. तें स्टेशन तिसऱ्या झोनांत. मध्यवस्तींत उतरलेला पाहुणा साडेनऊनंतर निघून दिवसभर पहिल्या दोन झोनांत फिरला तर दुसऱ्या झोनाच्या मर्यादेवर थांबतो. सायंकाळीं भुयारी गाडीनें मंडळांत गेला कीं, मर्यादा एक पायरी वर चढते. घाई नसेल त्यानें हे झोन विसरून जावे, कारण बसला झोनच नाहींत. वेळ दुप्पट लागेल, वळसे पडतील; परंतु दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदीं पुढच्या कांचेपाशीं जागा मिळाली, तर २०२४ च्या दरानें सव्वापांच पौंडांत चॉक फार्महि होई, डॉलिस हिलहि होई, आणि वाटेंत लंडनहि दिसे.